रिकामी बाटली : उभी, आडवी आणि उलटी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत हेब्बाळ येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानमालेचे पहिले पुष्प ज्ञानेश्वरीवर गुंफले गेले. दुसरे शहाजीराजांच्या बंगळूरच्या जहागिरीवर. आणि तिसऱ्या दिवशी आमच्या वाट्यास रिकाम्या बाटल्या आल्या! कार्यवाहांनी विषय सांगितला तेव्हा आमच्या मनात प्रथम हीच शंका आली की, यात काही सूचक हेतू तर नाही ना? तसा तो नाही असा खुलासा त्यांनी तत्काळ केला. आम्ही केंद्र सरकारचे नोकर. मोडीत निघालेल्या वस्तूंच्या याद्या करणे, त्यांवर शेरे मारणे आणि त्या निकालात काढण्याची मंजुरी मागणे यात आमच्या नोकरीचा बराच काळ गेला. तेव्हा रिकाम्या बाटल्यांवर बोलण्याचा अधिकार आमच्याइतका दुसऱ्या कोणास असणार, असे त्यांचे म्हणणे पडले. आम्ही पदवी घेतली ती मराठी विषय घेऊन. रसायनशास्त्राशी आमचा संबंध चहापुरताच. हे आधी सांगून ठेवणे बरे.

विषयाचे मूळ आपणां सर्वांस ठाऊक आहे. सुवर्णमहोत्सवानिमित्त सभागृहाची सजावट विकतच्या थर्मोकोलने न करता टाकाऊ बाटल्यांपासून करावी, असे महिला शाखेने ठरविले व सभासदांनी घरच्या रिकाम्या बाटल्या आणून द्याव्यात असे आवाहन केले. पहिला आठवडाभर एकही बाटली आली नाही. 'आपल्या सभासदांच्या घरी अशा बाटल्या नसतातच,' असे समाधान एका ज्येष्ठ सभासदांनी व्यक्त केले. त्यानंतर एके सकाळी कार्यालयाच्या दाराशी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या अकरा बाटल्यांची पिशवी आढळली. पिशवीवर नाव नव्हते. दुसऱ्या दिवशी तीन पिशव्या. पंधरा दिवसांत दोनशेच्या वर बाटल्या जमल्या आणि देणगीदारांच्या वहीत एकाचेही नाव नाही! मंडळाच्या पन्नास वर्षांच्या इतिहासात एवढे निष्काम दान दुसरे झाले नसावे.

हा लपविण्याचा संस्कार जुना आहे, आणि त्याच्या पोटातच बाटलीच्या पुनर्जन्माची कथा आहे. आमचे बालपण राजापूर तालुक्यात गेले. त्या घरात मद्य हा शब्द उच्चारला जात नसे. परंतु फडताळात आगळाच्या, मधाच्या, खोबरेलाच्या ज्या बाटल्या ओळीने उभ्या असत, त्या सगळ्या मुळात कशाच्या होत्या हे काचेवरच्या उठावाच्या अक्षरांवरून इंग्रजी तिसरीतल्या मुलालाही वाचता येत असे. आजी त्यांस 'विलायती बाटली' म्हणे. आगळ ठेवावे तर विलायती बाटलीतच, इतर बाटलीत ते टिकत नाही, असे तिचे ठाम मत होते आणि ते अशास्त्रीय नव्हते. रातांब्याच्या रसात आंबटपणा आणि मीठ दोन्ही भरपूर. पत्र्याला ते खाऊन टाकतात, काचेला काही करू शकत नाहीत. शिवाय जाड रंगीत काच उजेड अडवते. मुंबईच्या एस.टी.त मांडीवर बाटली धरून, बूच सुटू नये म्हणून त्यावर अंगठा दाबून, रात्रभर प्रवास केलेली कोकणी माणसे या सभागृहात निदान दहा तरी असतील. बाटली कोठून आली हे त्यांतील कोणीही कधी विचारले नाही.

आणखी एक उपयोग पुरुषवर्गास आठवेल. आमची पहिली नेमणूक दिल्लीस झाली. करोलबागेतील खोलीत आम्ही तिघे ब्रह्मचारी, एक स्टोव्ह, एक तवा आणि लाटणे नाही. घरमालकाच्या गच्चीवरून आणलेली रिकामी बाटली स्वच्छ घासून आम्ही तिच्याने पोळ्या लाटल्या. उन्हाळ्यात तिच्यात थंड पाणी भरले म्हणजे कणीक चिकटत नसे. पोळ्यांचा आकार मात्र हिंदुस्थानच्या नकाशासारखा होई. त्याचा दोष बाटलीकडे नाही.

मुंबईत तर रिकाम्या बाटलीने घराणी उभी केली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी काचेची बाटली विलायतेहून भरून येई आणि ती येथे तयार होत नसल्याने रिकामी झाली तरी तिला मोल असे. ती गोळा करून विकणाऱ्या पारशी व्यापाऱ्यांचे 'बाटलीवाला' हे आडनावच पडले. सर जमशेटजी जीजीभॉय (१७८३–१८५९) हे कोवळ्या वयात मामांच्या याच धंद्यात शिरले आणि त्यांनाही लोक बाटलीवालाच म्हणत. पुढे त्यांची अफाट संपत्ती चीनच्या व्यापारातून, कापूस आणि अफू यांतून आली, हे दडविण्याचे कारण नाही. पण मुंबईत कलाशाळा काढण्यासाठी एक लाख रुपये त्यांनीच देऊ केले आणि १८५७ साली ती सुरू झाली. महाराष्ट्रातील चित्रकारांच्या कित्येक पिढ्या जिच्यातून बाहेर पडल्या ती संस्था एका जुन्या बाटलीवाल्याच्या नावाने चालते. आमच्या महिला शाखेने रंगवलेल्या बाटल्यांकडे नाक मुरडणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

काच आपल्याच भूमीवर व्हावी यासाठी मराठी माणसाने काय केले, तेही थोडक्यात सांगतो. अंताजी दामोदर काळे या गृहस्थांनी दर माणशी वर्षाला एक पैसा गोळा करण्याची कल्पना काढली. लोकमान्यांनी तिला उचलून धरले. त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. जपानात व अमेरिकेत काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे मार्गदर्शक होते. तेथून शिकून गेलेल्या मुलांनी देशभर भट्ट्या पेटवल्या. पुढे ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ, औंध संस्थानच्या हद्दीत, कारखाना काढला. त्याच्या भोवती ओगलेवाडी वसली आणि तेथील प्रभाकर कंदील घरोघर गेला. आज विजेच्या लखलखाटात त्या कंदिलाची आठवण वीज गेल्यावरच होते. हेब्बाळमध्ये ती आठवड्यातून एकदा तरी होते, हे सांगणे न लगे.

आता आपल्या काळातील बाटलीकडे येऊ. नारायणगावास श्यामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात फसफसणारी वाइन काढली. नाशिकच्या द्राक्षमळ्यांतली पहिली सुला वाइन २००० च्या सुमारास बाजारात आली. २००१ साली महाराष्ट्र शासनाने आणि २००७ साली कर्नाटक शासनाने या उद्योगासाठी धोरणे जाहीर केली. आपल्या उत्तरेस दोड्डबळ्ळापूर-नंदी भागात ग्रोव्हर यांचे मळे आहेत. 'बंगळूर निळी' हे येथील आंबटगोड द्राक्ष तर याच परिसराचे लेणे. म्हणजे एका अर्थी बल्लारी रस्त्यावर उभे राहून दोन्ही हात पसरावे, तर एका हाताला जन्मभूमीचे द्राक्ष आणि दुसऱ्या हाताला कर्मभूमीचे. परिणामी आमच्या पिढीला जे चोरून होते ते मुलांच्या पिढीला जेवणाच्या टेबलावर उघड आहे. याबद्दल कोणास हर्ष होईल, कोणास खेद. आम्ही येथे निवाडा देत नाही. पण मागे बाटली उरते, आणि तिचे वजन सुमारे अर्धा किलो असते.

ही बाटली भंगारवाल्यासही फारशी प्रिय नाही. बिअरच्या बाटल्या एका घाटाच्या असल्याने त्या धुऊन पुन्हा भरल्या जातात. गोटी सोड्याच्या बाटलीचेही तसेच. हायरम कॉड याने १८७२ साली इंग्लंडात तिचे पेटंट घेतले तेव्हापासून ती परत येण्यासाठीच जन्मलेली आहे. वाइनच्या बाटलीचे घाट नाना प्रकारचे, म्हणून ती बहुधा फुटक्या काचेच्या भावाने जाते. तीही वाया जात नाही. भट्टीत कच्च्या मालाबरोबर फुटकी काच घातली तर दर १० टक्के काचेमागे सुमारे ३ टक्क्यांपर्यंत ऊर्जा वाचते आणि काच कितीही वेळा वितळवली तरी तिचा कस उतरत नाही. तमिळनाडूत नीलगिरी जिल्ह्यात २०२२ पासून दारूच्या बाटलीमागे १० रुपये जादा घेऊन बाटली परत केल्यावर ते परत देण्याची पद्धत उच्च न्यायालयाच्या आदेशाने सुरू झाली. जंगलात फुटलेली काच हत्तींच्या पायांत जात होती, हे त्यामागचे कारण. आपल्या तळ्याच्या काठी सकाळी फिरावयास जाणाऱ्यांनी या पद्धतीची वाट पाहावी अशी परिस्थिती आहे.

येथे एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. पुण्यात १९९३ साली कचरा वेचणाऱ्या स्त्रियांची व फेरीवाल्या भंगार खरेदीदारांची जी संघटना उभी राहिली तिचे नाव 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. डॉ. बाबा आढाव यांचा तिला आधार होता. नावातला दुसराच शब्द काच आहे! बंगळुरात 'हसिरु दळ', म्हणजे हिरवी फौज, ही संस्था याच वर्गासाठी काम करते. मावळ्ळीपुराची कचराभूमी २०१२ साली आणि मंडूरची त्यानंतर दोन वर्षांनी गावकऱ्यांच्या विरोधामुळे बंद पडली, तेव्हा कोठे या शहराला कळले की कचरा 'दूर' जात नाही, कोणाच्या तरी दाराशी जातो. तेव्हा आम्ही महिला शाखेस नम्रपणे असे सुचविले की, दोनशे बाटल्यांपैकी ज्यांचे खरोखर काही होणार आहे अशा साठ-सत्तर ठेवाव्या आणि बाकीच्या धुऊन, न फोडता, आपल्या गल्लीत येणाऱ्या वेचक बाईंच्या स्वाधीन कराव्या. फुटकी काच ओल्या कचऱ्यात टाकणे म्हणजे त्यांच्या हातावर सुरी चालवणे आहे. ती जाड कागदात गुंडाळून, वर लिहून, वेगळी द्यावी.

आता ज्या वादामुळे हे व्याख्यान ठेवणे भाग पडले त्याकडे वळतो.

बाटल्यांचे दिवे करून ते सभागृहात गणपतीच्या मखराभोवती लावावे, असे ठरत होते. त्यास दोन सभासदांनी हरकत घेतली. पहिली हरकत सोवळेपणाची होती. तिला उत्तर देणे आम्हांस जड गेले नाही. काच अग्नीतून निघालेली, तिच्यात काही मुरत नाही. मद्य मुरते ते पिणाऱ्यात! आजीच्या फडताळाचा दाखला आम्ही दिलाच आहे. दुसरी हरकत एका भगिनींनी घेतली. सभेत नव्हे. सभा संपल्यावर, खुर्च्या उचलता उचलता. त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, आमच्या घरी या बाटल्या रिकाम्या होताना मी अठरा वर्षे पाहिल्या. त्यांत फूल खोचायला माझा हात होत नाही. तुम्ही सगळे करा, माझं काही म्हणणं नाही." इतकेच. हे आम्ही त्यांच्या अनुमतीने सांगत आहोत.

या हरकतीस आमच्याजवळ उत्तर नव्हते व आजही नाही. महाराष्ट्रात बाटलीचे चित्र मतपत्रिकेवर छापले जाते, हे दूर राहणाऱ्या आपल्या मुलांस कदाचित ठाऊक नसेल. गावातील वा प्रभागातील २५ टक्के स्त्री-मतदारांनी मागणी केली तर दारूचे दुकान बंद करण्यासाठी मतदान घ्यावे लागते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली. एकूण स्त्री-मतदारांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रियांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद. आलेल्या मतांच्या नव्हे, एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक, हे लक्षात घ्या. मजुरी बुडवून, धमक्या सोसून बायका रांगेत उभ्या राहिल्या आणि कित्येक गावांनी बाटली आडवी केली. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात स्त्रियांनी दीर्घकाळ चळवळ करून ती २०१५ साली आणली व शासनाने ती २०२१ साली उठविली. बंदी यशस्वी होते की नाही यावर विद्वानांत वाद आहेत, ते असोत. परंतु ज्या बाईने आडव्या बाटलीवर शिक्का मारला आहे, तिच्या दृष्टीने उभी बाटली ही फुलदाणी नाही. सौंदर्यदृष्टी शिकवून ही गोष्ट बदलत नाही, आणि ती बदलावी असेही आम्हांस वाटत नाही.

शेवटी कार्यकारिणीने असे ठरविले की मखराभोवती समयाच असाव्यात, बाटल्यांची मांडणी बाहेरच्या पडवीत असावी, आणि जिची इच्छा असेल तिनेच त्या कामात यावे. त्या भगिनींनी समया घासल्या. त्यांना कोणी पुन्हा आग्रह केला नाही, याबद्दल आम्ही महिला शाखेचे ऋणी आहोत.

आता प्रत्यक्ष कृतीकडे. पहिली अडचण चिठ्ठीची. बाटली कोमट पाण्यात धुण्याचा सोडा टाकून रात्रभर बुडवून ठेवावी. सकाळी चिठ्ठी बहुधा आपणहून तरंगते. चिकट राहिलाच तर खोबरेल आणि खाण्याचा सोडा यांचा लगदा लावून अर्ध्या तासाने नारळाच्या काथ्याने घासावा. आतून धुण्यासाठी मूठभर तांदूळ, थोडे पाणी आणि चिंचेचा कोळ घालून खळखळून हलवावी. ही आपल्या आज्यांची रीत, हिच्यापुढे बाजारातील ब्रश फिका पडतो. नंतर दोन दिवस उपडी ठेवून पूर्ण वाळू द्यावी. तेल वा आगळ भरावयाचे असेल तर ओलाव्याचा थेंबही राहता कामा नये. आणि बाटली कशीही सुंदर असो, तिच्यात रॉकेल, फिनेल किंवा ॲसिड कदापि भरू नये. पिण्याच्या बाटलीत भरलेल्या विषाने अनेक घरांत लहान मुले दगावली आहेत.

कापण्याची गोष्ट अधिक जिकिरीची. सुतळी स्पिरिटमध्ये भिजवून बाटलीभोवती बांधायची, पेटवायची आणि थंड पाण्यात बुडवायची, ही युक्ती पुष्कळ जण सांगतात. आमचा तिला विरोध आहे. त्यात आगीची भीती, आणि काच सरळ रेषेत तडकेल याची खात्री नाही. त्याऐवजी काचवाल्याकडील हिरकणी घेऊन बाटलीभोवती एकच पूर्ण रेघ ओढावी. रेघेवर पुन्हा रेघ नको. टोकास टोक मात्र मिळाले पाहिजे. मग त्या रेघेवर उकळते पाणी सावकाश ओतावे, लगेच थंड पाणी, पुन्हा उकळते. काच उष्णता फार हळू वाहून नेते. त्यामुळे वरचा पापुद्रा फुगतो-आकसतो व आतला तसाच राहतो, आणि ही ओढाताण जेथे काच दुबळी आहे तेथे, म्हणजे आपल्या रेघेवर, सुटते. दोन-तीन आवर्तनांत बाटली हलक्या आवाजाने दुभंगते. कडा काळ्या पॉलिश कागदाने घासाव्या, पण पाण्याखाली धरूनच. काचेची कोरडी धूळ छातीत जाऊ देऊ नये. हातमोजे आणि चष्मा हवाच.

बूड कापलेली बाटली पणतीवर ठेवली तर तिचा गळा धुरांड्याचे काम करतो. खाली तीन खडे ठेवून हवेस वाट द्यावी, नाहीतर ज्योत गुदमरेल. प्रभाकर कंदिलाचे तत्त्व तेच. मात्र बाटलीची काच कंदिलाच्या काचेसारखी उष्णता सोसणारी नसते, म्हणून वात लहान, मधोमध, आणि दिव्यापाशी माणूस हवे. मुलांच्या हाती द्यावयाचे असेल तर विजेच्या बारीक दिव्यांची माळ आत सोडावी. तिचा उजेड हिरव्या काचेतून फार गोड दिसतो.

न कापता करण्यासारखे सर्वांत उपयुक्त काम मे महिन्यातील आहे. आपण सगळे गावी जातो आणि परत येईतो कुंड्यांतील तुळस वाळलेली. बाटली पाण्याने काठोकाठ भरावी, तोंडावर अंगठा दाबून उलटी करावी आणि गळा चार बोटे ओल्या मातीत खुपसावा. माती सुकते तशी हवा आत शिरते व तेवढेच पाणी उतरते. पाणी फार लवकर उतरत असेल तर बुचाला खिळ्याने भोक पाडून ते बसवावे. निघण्यापूर्वी आठवडाभर आधी हे करून पाहावे. कुंडीकुंडीचा स्वभाव निराळा असतो.

सुशोभनात आमची गती कमी, तरी एक सांगतो. गेरूच्या रंगाचा हात देऊन त्यावर पांढऱ्या रंगाने वारली आकृती काढल्या तर गोल बाटली भिंतीपेक्षाही शोभते, कारण तारपा नाचातील माणसांची साखळी बाटलीभोवती फिरत राहते, तिला सुरुवात नाही की शेवट नाही. जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी ही कला कागदावर आणून जगभर नेली, २०११ साली त्यांस पद्मश्री मिळाली. परंतु सुवासिनी लग्नाच्या भिंतीवर जो चौक लिहितात तो बाटलीवर काढू नये. त्यात पालघाट देवी असते. तो त्या लोकांचा देव्हारा आहे, आपली सजावट नव्हे.

अंगी चिकाटी असेल तर बाटल्यांचे काय होऊ शकते याची उदाहरणे जगात आहेत. थायलंडातील सिसाकेत प्रांतात बौद्ध भिक्षूंनी १९८४ पासून बाटल्या जमवून आख्खे मंदिर उभारले. त्यास दहा लाखांवर बाटल्या लागल्या आणि त्या बहुतांशी बिअरच्या आहेत. सोवळ्याची हरकत घेणाऱ्या सभासदांस आम्ही त्याचे छायाचित्र दाखविले आहे. हॉलंडात हायनेकेन यांनी १९६३ साली विटेसारखी रचता येईल अशी चौकोनी बाटली काढली, ती फारशी चालली नाही. आणि चंडीगढचे नेकचंद! सरकारी रस्तेखात्यातील निरीक्षक. नोकरीचे तास संपले की राखीव जंगलात फुटकी भांडी, बांगड्या, दगड जमवून अनेक वर्षे गुपचूप मूर्ती घडवीत राहिले. १९७५ साली ते उघडकीस आले तेव्हा सर्व बांधकाम बेकायदेशीर ठरत होते. १९७६ साली तेच उद्यान म्हणून खुले झाले आणि १९८४ साली नेकचंदांस पद्मश्री मिळाली. सरकारी नोकरास रिकाम्या वेळेत काय करता येते, याचे आमच्या माहितीतील हे सर्वोत्तम उदाहरण. आमच्या खात्याने मात्र ते परिपत्रक काढून कळविलेले नाही.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता पडवीत प्रत्यक्ष काम सुरू होईल. प्रत्येकाने एक जुना टॉवेल, जाड हातमोजे व चिठ्ठी काढून धुतलेली बाटली आणावी. बारा वर्षांखालील मुलांनी रंगकाम करावे, कापण्याच्या टेबलाजवळ येऊ नये. कोणाकडे गोटी सोड्याची जुनी बाटली असल्यास ती कृपा करून कापावयास आणू नये, प्रदर्शनात मांडण्यासाठी द्यावी, ती परत मिळेल. पिशवीवर या खेपेस नाव घातले तरी चालेल.